साळुंखेसाहेबांचा रिपोर्ट

पुण्यात माणसाची परीक्षा आडनावावरून करतात, बोलण्यावरून करतात, आणि हल्ली तर तो कुठल्या सोसायटीत राहतो यावरूनही करतात. साळुंखेसाहेब ती बुटांवरून करत. आमच्या केंद्राच्या दारात, जिन्याच्या वरच्या तोंडाशी एक खुर्ची होती. सकाळी येऊन ते तिच्यावर बसत आणि वर येणाऱ्याच्या चेहऱ्याआधी त्याच्या पायांकडे बघत. बुटांना पॉलिश दिसलं की मला हळूच सांगत, "ह्यो उद्या बी येतोय बघा ताई. अजून लढतोय." कुणी रबरी स्लिपर घालून आला तर म्हणत, "ह्याला घरातनं काढलाय. आधी चहा द्या." आणि नाड्या लोंबत असल्या की बोलायचे काहीच नाहीत, खाली वाकून स्वतः बांधायचे. एक नायब सुभेदार आपल्या पायाशी वाकलाय हे बघून समोरचा हवालदार इतका ओशाळायचा की त्या लाजेपोटीच दुसऱ्या दिवशी हजर व्हायचा.

केंद्र होतं धायरीत, एका हार्डवेअरच्या दुकानावरच्या मजल्यावर. दारू सोडू बघणाऱ्या माजी सैनिकांसाठी. भरती करून घ्यायची सोय आमच्याकडे नव्हती. माणसानं सकाळी यायचं, रक्तदाब दाखवायचा, हात पुढे करून थरथर दाखवायची, आम्ही त्या दिवसापुरत्या गोळ्या बरोबर आलेल्या घरच्या माणसाच्या हातात द्यायच्या, मग तासभर सगळ्यांनी एकत्र बसायचं आणि घरी जायचं. ज्यांची तब्येत नाजूक त्यांना आमच्या डॉक्टरबाई सरळ मोठ्या हॉस्पिटलात पाठवत. लोकांना लाज वाटू नये म्हणून पाटीवर नुसतं 'आरोग्य सल्ला केंद्र' असं लिहिलं होतं. त्याचा उपयोग शून्य. कुणी पत्ता शोधत घुटमळताना दिसला की खालचा हार्डवेअरवाला गल्ल्यावरून न उठता ओरडायचा, "दारू सोडायचीय ना? वर."

मी तिथे समुपदेशक होते. कसब्यातून धायरीपर्यंत रोज स्कूटरनं यायचे, त्यामुळे पोहोचेपर्यंत माझंच समुपदेशन करायची वेळ आलेली असे. जिना चढून वर गेलं की साहेब खुर्चीतून उठून उभे राहत. मी वयानं त्यांच्या मुलीएवढी. पुष्कळदा म्हटलं, "अहो, बसा हो." त्यावर म्हणायचे, "तुमच्यासाठी न्हाय ताई. गुडघं मोकळं करतोय."

साहेब मूळचे साताऱ्याकडचे. निवृत्त होऊन धायरीत फ्लॅट घेतला आणि त्या फ्लॅटच्या गॅलरीत बसून काही वर्षं निष्ठेनं दारू प्याले. मग आमच्याकडे आले. सुटली. डॉक्टरबाईंनी एके दिवशी सांगितलं, "साळुंखे, आता रोज यायची गरज नाही. महिन्यातून एकदा तोंड दाखवा." दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर साहेब आतली एक खुर्ची उचलून दारात घेऊन बसलेले. "ड्यूटी लावून घेतलीया," म्हणाले. डॉक्टरबाई कडक. त्यांनी चष्म्यावरून बघून एकच अट घातली: या खुर्चीवर बसणाऱ्यानं पुन्हा घेतली, तर खुर्ची त्याच क्षणी गेली, आणि तो पुन्हा पेशंटांच्या बाकावर. "मंजूर," साहेब म्हणाले. मला नंतर म्हणाले, "ताई, गोळी मला लागू पडली न्हाय. ही खुर्ची पडली. ही हाय तवर मी हाय."

हे ते हसत हसत म्हणाले होते, पण ते खरं होतं हे आम्ही सगळे जाणून होतो.

माझ्या कामात त्यांनी पहिल्याच महिन्यात ढवळाढवळ केली, आणि ती केली म्हणून माझं काम चाललं. मी शिकून आले होते त्याप्रमाणे खुर्च्या गोल मांडायच्या आणि मऊ आवाजात विचारायचं, "आज तुम्हाला काय वाटतंय?" समोर धिप्पाड, झुबकेदार मिश्यांची माणसं गुडघ्यांवर हात ठेवून बसलेली. वाटत कुणालाच काही नसे. एकदा एक सुभेदार मेजर पुष्कळ विचार करून म्हणाले, "पंखा हळू वाटतोय." त्या दिवशी सगळे गेल्यावर साहेब माझ्या टेबलाशी आले.

"ताई, राग नका मानू. फौजीला काय वाटतं ते विचारू नये. त्येला तसं कधी कुनी विचारल्यालं नसतं. त्येच्याकडं रिपोर्ट मागा."

दुसऱ्या दिवशी मी खुर्च्या रांगेत मांडल्या आणि रिपोर्ट मागितला. एक हवालदार ताडकन उभा राहिला आणि भिंतीकडे बघत म्हणाला, "हवालदार पवार. रात्री झोप नाही. हाताला थरथर. मुलगी बोलत नाही. छातीत भीती भरते, कारण माहीत नाही. बाकी सब ठीक." आणि बसला. मग दुसरा उठला. पाऊण तासात त्या माणसांनी जेवढं सांगितलं तेवढं मी महिनाभर गोड बोलून काढू शकले नसते. 'बाकी सब ठीक' प्रत्येकाच्या शेवटी असायचंच. बायको माहेरी गेली आहे, यकृत सुजलंय, मुलगा दारात उभं करत नाही, आणि बाकी सब ठीक. मला पहिल्यांदा हसू आलं, मग रडू आलं, आणि मग सवय झाली.

साहेबांच्या स्वतःच्या काही ठाम समजुती होत्या. 'दारू सोडली' असं ते कधी म्हणायचे नाहीत. "ती कुटं सुटती? आपन बदली मागून घ्यायची." कुणी रडकुंडीला येऊन म्हणालं की साहेब, जन्मभर कसं जमणार, तर त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणत, "तुला जन्माची ड्यूटी लावलीय कुनी? आजची कर. उद्याची उद्याचा मानूस बघंल." चहा त्यांना उकळता लागायचा, आणि तो कपात घेतला की बायकी वाटतो म्हणून स्टीलच्या पेल्यात. पेला रुमालात धरून प्यायचे, पण रुमाल मात्र बायकी वाटायचा नाही. केंद्रातल्या सगळ्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता. त्यावर रोज पहाटे साहेबांचा एक शब्दाचा मेसेज यायचा: 'उठा'. फूल नाही, सूर्य नाही, सुविचार नाही. डॉक्टरबाई त्या ग्रुपवर होत्या, त्यामुळे पुण्यातल्या एका नामांकित मानसोपचारतज्ज्ञ बाईंनाही रोज पहाटे 'उठा' असा हुकूम होत असे. त्या चिडायच्या, पण ग्रुप कधी सोडला नाही.

कोट्याचं प्रकरण सांगायलाच हवं. माजी सैनिकाला कॅन्टीनच्या कार्डावर दरमहा स्वस्तात बाटल्या मिळतात. बाहेरच्याला वाटतं ही त्याची चैन. प्रत्यक्षात तो कोटा त्याच्या एकट्याचा कधी नसतो. त्याच्यावर मेहुण्याचा हक्क असतो, गावच्या सरपंचाचा असतो, घराचं काम करणाऱ्या गवंड्याचा असतो. फौजीनं बाटली दिली नाही तर माणसं म्हणतात, वर चढला. त्यामुळे दारू सोडलेला फौजीसुद्धा बाटल्या आणतच राहतो, घरात ठेवतो, आणि एके संध्याकाळी मेहुण्याची वाट न बघता झाकण उघडतो. हे आम्ही कितीदा बघितलं त्याला गणती नाही.

साहेबांनी आपला कोटा उचलणं बंद केलं तेव्हा त्यांच्या सोसायटीचे चेअरमन घरी आले. साहेबांनी हे आम्हाला अभिनय करून सांगितलं. चेअरमन म्हणाले, "साळुंखे, तुम्ही नाही घेत हे उत्तमच झालं. पण कार्ड वाया कशाला घालवायचं? आपण आणत जा, आम्ही आहोत." साहेब म्हणाले, "बरोबर हाय. तुमालाच कार्ड काढून देतो. अवघड काय न्हाय. मैदानात लाईनीला हुबं ऱ्हायचं, कपडं काढायचं, छाती मोजून घ्यायची, पळायचं. मग वीस-बावीस वर्सं बर्फात आन् वाळूत काडायची. कार्ड घरपोच येतंय." चेअरमननी पुढे वर्षभर त्यांच्या गॅलरीतल्या कुंड्यांवरून नोटिसा पाठवल्या. त्या नोटिसा साहेबांनी कौतुकानं केंद्रात आणून दाखवल्या.

आता ती गोष्ट, जिच्यावरून साहेब मला खरे कळले.

जोड्या लावायची कल्पना त्यांचीच. फौजेत प्रत्येक जवानाला एक जोडीदार असतो. त्याला बडी म्हणतात. बडीनं बडीला सांभाळायचं, झोपेत, पहाऱ्यावर, गोळीबारात. साहेब म्हणाले, इथंही तसंच करू. रोज रिपोर्ट देताना प्रत्येकानं आपला आणि बडीचाही द्यायचा. सगळ्यांना ते फार आवडलं. माणसं एकमेकांच्या घरी जाऊ लागली, संध्याकाळी सिंहगड रस्त्यानं जोडीनं चालायला जाऊ लागली. हवालदार पवारांची जोडी नाईक कदमांशी लावली होती. कदम म्हणजे किडकिडीत, अबोल माणूस, साहेबांच्याच गल्लीत राहणारा. स्वतःची दारू सुटून त्यालाही बरेच दिवस झाले होते. पवार मात्र अजून गोळ्यांवर होते. त्या गोळ्यांवर दारू घेतली तर माणूस झोपतो तो उठेलच याची खात्री नसते. हे डॉक्टरबाईंनी सगळ्यांना बजावलेलं होतं.

एका दुपारी पवारांच्या बायकोचा फोन आला. जेवायला उठवतेय, उठत नाहीत, श्वास अडकतोय. हॉस्पिटलात नेलं. दोन दिवस काही सांगता येत नव्हतं. मग वाचले. तेव्हा कळलं की पवार आठवडाभर चोरून घेत होते. आणि कदमला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तो रोज उभा राहून सांगत होता, "बडी ठीक."

डॉक्टरबाईंनी कदमला समोर उभं केलं. "तुम्हाला कळत नव्हतं ते मरतील?"

कदम खाली बघून म्हणाला, "त्यानं शपथ घातली होती मॅडम. बडीला कसं पकडून देऊ?"

डॉक्टरबाई मग साहेबांवर उलटल्या. जोड्या आजपासून बंद, म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी रिपोर्टच्या वेळी साहेब दारातली खुर्ची सोडून आत आले आणि सगळ्यांसमोर उभे राहिले. आजवर त्यांनी स्वतःची हकीकत कुणाला सांगितली नव्हती.

"कदमची चूक न्हाय. चूक माझी हाय," ते म्हणाले. "नोकरीत असताना मी पीत हुतो. माझ्या हाताखालच्या पोरांना ठावं हुतं. सकाळी मी हुबा ऱ्हाऊ शकलो न्हाय तर म्हनायची, साहेबांना ताप हाय. माझी कामं करायची. खोलीत नेऊन झोपवायची, बूट काडून ठेवायची. लई माया केली. आन् मी तेवढाच खोल गेलो. त्यातल्या एकानं जरी वर जाऊन सांगितलं असतं तर मी त्येला जन्मभर शिव्या दिल्या असत्या, पन माझी धा वर्सं वाचली असती." मग कदमकडे वळून म्हणाले, "आपल्याला शिकीवलंय की बडीला झाकायचं. तिथं समोर दुश्मन असतो, तवा ते बरोबर हाय. हितं दुश्मन बडीच्या पोटात बसलाय. त्येला झाकलं की बडी मेला."

डॉक्टरबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. जोड्या पुन्हा सुरू झाल्या. फक्त साहेबांनी त्यात बदल केला. "आता माझी जोडी कदमबरोबर," ते म्हणाले. "कदम, मला सांभाळायचं न्हाय. मला पकडायचं."

सगळे हसले. साहेबांना पकडण्यासारखं काय होतं?

त्या हिवाळ्यात साहेबांच्या जुन्या पलटणीचा स्थापना दिवस आला. अशा दिवशी बडाखाना असतो. अधिकारी, जवान, निवृत्त झालेले, सगळे एका मांडवात जेवतात, आणि त्या दिवसापुरते अधिकारी स्वतः जवानांना वाढतात. साहेब ब्लेझर इस्त्री करून, पदकं घासून गेले. चार दिवसांनी परत आले ते खुशीत. पलटणीच्या गोष्टी सांगितल्या, फोटो दाखवले. खुर्चीवर बसले, नाड्या बांधल्या, चहा प्याले. एकच गोष्ट नवी होती. खिशात वेलदोडे असायचे, आणि जो दिसेल त्यालाही देत. मला वाटलं, पलटणीत कुणी सवय लावली असेल.

कदमला तसं वाटलं नाही. तो रोज साहेबांना स्कूटरवर मागे बसवून आणत असे.

आठवडा होत आला तेव्हाची सकाळ. रिपोर्ट चालू होते. साहेब दारातल्या खुर्चीवर, तिथून आतलं सगळं दिसायचं. हॉस्पिटलातून आलेले पवार पहिल्या रांगेत. कदमची पाळी आली. तो उभा राहिला.

"नाईक कदम. झोप ठीक. हात ठीक. घरी ठीक."

मग थांबला. मी म्हटलं, "बडी?"

तो भिंतीकडेच बघत होता. मी पुन्हा विचारणार होते, तेवढ्यात अगदी बारीक आवाजात म्हणाला, "बडी पितोय मॅडम. बडाखान्यापासून. मला पहिल्या दिवशीच कळलं. इतके दिवस मी बोललो नाही. आज बोलतोय." आणि खाली न बसता तसाच उभा राहिला. त्याचे डोळे भरून वाहत होते आणि ते पुसायला त्यानं हात उचलला नाही.

कुणी साहेबांकडे बघितलं नाही. मीही नाही. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. साहेब उभे राहिले होते.

"बरोबर हाय," ते म्हणाले. "आमचे जुने कर्नलसाहेब सवता बाटली घिऊन वाढत आले. म्हाताऱ्या मानसाचा हात थरथरत हुता. नको म्हनायला तोंडच उघडलं न्हाय. पयली त्येंच्या मानाची हुती. बाकीच्या माझ्या." मग कदमकडे वळले. आम्हाला वाटलं आता काय बोलतात.

"कदम, आवाज मोठा काडायचा. मागच्या लाईनीला ऐकू गेलं न्हाय."

एवढं म्हणून ते जिना उतरून गेले. कदम मटकन खाली बसला. पवारांनी उठून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. डॉक्टरबाई आतून बाहेर आल्या, रिकाम्या खुर्चीकडे बघितलं आणि परत आत गेल्या. त्यांचा नियम होता आणि तो मोडायची त्यांची इच्छा त्या दिवशी आम्हा सगळ्यांना स्पष्ट दिसली, पण त्यांनी मोडला नाही.

साहेब आता येणार नाहीत, असंच सगळे धरून चालले होते. खुर्चीवरून उतरलेला सुभेदार हवालदारांच्या बाकावर बसायला येत नसतो. एकजण म्हणाला, गावी जातील. दुसरा म्हणाला, गावी गेले तर वर्षभरात संपतील. पहाटे ग्रुपवर मेसेज आला नाही. मी सकाळी स्कूटर लावली आणि दोन-दोन पायऱ्या चढत वर गेले. जिन्याच्या तोंडाशी खुर्ची रिकामी होती आणि कदम तिच्या शेजारी भिंतीला टेकून उभा होता. बाकीचे बाकावर, जिन्याकडे कान लावून. खालून हार्डवेअरवाल्याचा आवाजही नव्हता. त्यालाही कळलेलं असणार. धायरीत काय लपतं?

मग जिन्यावर पावलं वाजली. दोन माणसांची, आणि त्यातलं एक फार सावकाश.

साहेब वर आले. इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट. त्यांच्या मागे कठडा धरून, दम खात, त्यांच्या मंडळी. गुडघ्यांनी बेजार झालेल्या त्या बाईंना आम्ही आजवर पाहिलं नव्हतं; पहिल्या वेळी गोळ्या हातात घ्यायला साहेबांबरोबर त्यांचा मुलगा येत असे. बाकावरचे सगळे सवयीनं ताडकन उभे राहिले.

"बसा," साहेब म्हणाले, आणि बाकाच्या शेवटी, सर्वांत उशिरा आलेल्याची जागा असते तिथे जाऊन बसले. बाईंना शेजारी बसवलं. मग त्यांचं लक्ष कदमकडे गेलं.

"हुबा का? बस खुर्चीवर."

"साहेब, ती तुमची..."

"खुर्चीवर नाव लिवलंय का कुनाचं? वर येनाऱ्याला दारात पयलं मानूस दिसावं लागतं, न्हायतर गडी जिन्यातनंच माघारी जातो. मी पयल्या बारीला तसाच दोनदा गेलतो." थोडं थांबून बायकोकडे मानेनं खूण करून म्हणाले, "आज बी गेलो असतो. ही मागं हुती आन् जिना अरुंद."

बाई पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, "व्हय, आन् मी काय सरकनार हुते!"

कदम खुर्चीच्या कडेवर टेकला.

ते पुन्हा बरे झाले, आणि त्यानंतर काही महिन्यांनी गावच्या घरी राहायला गेले. माझीही खराडीच्या शाखेत बदली झाली. साहेबांनी मला किती शिकवलं हे मी त्यांना कधी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तर त्यांनी ते गुडघ्यांच्या दुखण्यावर घालवलं असतं. पण अभिमान म्हणजे काय ते मला त्या सकाळी कळलं. आयुष्यभर हुकूम दिलेला तो माणूस आपल्याहून धाकट्यांच्या रांगेत शेवटचा बसला होता. गुडघ्यांवर ठेवलेले त्याचे हात थरथरत होते आणि ते त्यानं झाकले नव्हते. एकेक करून पुढचे आत जाऊन आले. शेवटी डॉक्टरबाईंनी आतून हाक दिली. साहेब उठले, शर्ट खाली ओढून नीट केला, बाईंचा हात धरून त्यांना उठवलं, आणि त्यांना पुढे घालून आत गेले.